उसनी शिवी

“एक वाक्य बोलायचं, आंटी. ‘मी न्गोनी आहे.’ झालं. मग तुम्ही तुमच्या चादरींकडे आणि मी माझ्या कामाला,” हांतुबा म्हणाला आणि लिफ्टचं बटण त्यानं पुन्हा दाबलं. लिफ्ट येत नव्हती. एस्नात शोंगाला तळघरात जायला लिफ्ट लागत नव्हती. नोकरमाणसांनी मागचा जिना वापरायचा हा हॉटेलचा नियम ती इतकी वर्षं पाळत आली होती. पण नोकरीवर घेण्यापासून काढून टाकण्यापर्यंत सगळं बघणारा हा टायवाला तरुण साहेब शेजारी उभा राहून बोलत होता, म्हणून तीही उभी राहिली. “जेवणानंतर दिनेओ मॅडम बोलावतील. त्या विचारतील, तुम्ही हो म्हणाल. बॉयलरवाल्या म्हाताऱ्याची नोकरी वाचेल. नाहीतर नव्या मालकांचा नियम तुम्हांला ठाऊक आहे.” नियम भिंतींनाही पाठ झाला असेल इतक्या वेळा वाचून दाखवला होता. जमातीवरून कुणी कुणाला हिणवलं की त्याच दिवशी बाहेर, मग माणूस कितीही जुना असो. “यात अवघड काय आहे?” हांतुबा म्हणाला. “तुम्ही आहातच न्गोनी.” एस्नात म्हणाली, “आहेच.” लिफ्ट आली, तो वर गेला, आणि ती मागच्या जिन्यानं खाली उतरायला लागली.   पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरळ विचारणार होतं, की तू कोण. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी नावावरून परस्पर ठरवून टाकलं होतं.

झालं होतं ते एवढंच. लुसाकातलं हे हॉटेल विकलं गेलं, नवे मालक आले, आणि त्यांनी जोहान्सबर्गहून दिनेओ नावाची बाई पाठवली, संस्कृती आणि विविधता शिकवायला. सकाळी मोठ्या दालनात सगळ्यांना बसवलं. स्वयंपाकी, वेटर, माळी, बॉयलरवाले, चादरीवाल्या बाया. आपल्या देशात किती जमाती, किती भाषा, त्यांचा अभिमान बाळगा असं दिनेओ म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण चहाबरोबर केक होता. मग हांतुबानं शुक्रवारचा बेत सांगितला. बागेत प्रत्येक प्रांताला एक कोपरा. कोपऱ्यात त्या प्रांताचं जेवण आणि त्या प्रांताचे कपडे घातलेलं एक माणूस. उत्तरेच्या कोपऱ्यात वाळवलेल्या अळ्या, पश्चिमेच्या कोपऱ्यात मासे, वायव्येकडून मुखवटेवाले नाचे मागवू, पाहुण्यांना ते फार आवडतात. कोपऱ्यात मावेल तेवढीच संस्कृती, आणि तीही पाहुण्यांना पचेल तेवढीच. पूर्वेच्या कोपऱ्यात काय ठेवायचं यावर मुख्य स्वयंपाकी अडला. पूर्वेकडचे लोक शेतातले उंदीर वाळवून खातात हे साऱ्या देशाला माहीत, पण परदेशी पाहुण्यांच्या ताटात उंदीर कसा वाढायचा? तेवढ्यात मागच्या रांगेतून बॉयलरवाला लुचेंबे उठला. उंच, वाळका, उत्तरेकडच्या बेंबा जमातीचा माणूस, निवृत्तीला टेकलेला, टोपी कायम डाव्या कानावर. “साहेब, काळजी सोडा. पूर्वेच्या कोपऱ्यात या शोंगाला उभी करा. तिचा वास आला की उंदीर आपल्या पायांनी येतील. फक्त तिला आधी जेवायला घालू नका, नाहीतर पाहुण्यांना शेपटंसुद्धा उरायची नाहीत.” दालन हसलं. एस्नातनं मागे न बघताच सांगितलं, “आणि उत्तरेच्या कोपऱ्यात झाडावर या म्हाताऱ्याला बसवा. कुणी विचारलं तर सांगा, माकडं खाऊन खाऊन हा तसाच दिसायला लागलाय.” दालन आणखी हसलं. एका वेटरनं टेबल बडवलं. दिनेओ हसली नाही. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं, आणि तिचा चेहरा असा झाला की पुढच्या रांगेपासून हसू विझत विझत मागच्या रांगेपर्यंत गेलं.

हांतुबानं समजावलं. तो स्वतः टोंगा, त्याच्यात आणि लोझींमध्ये हेच चालतं. बेंबा आणि न्गोनी पूर्वी लढले, रक्त सांडलं, मग तह झाला, आणि तेव्हापासून बेंबानं न्गोनीला आणि न्गोनीनं बेंबाला वाटेल ते बोलावं, कुणी रागवायचं नाही. त्याला चिंबुया म्हणतात. नातंच आहे ते, मॅडम. दिनेओनं सगळं ऐकून घेतलं. “ठीक आहे. दोन जमातींमधला रिवाज असेल तर मी त्यात पडणार नाही,” ती म्हणाली. “पण मी त्या बाईंना विचारीन. त्या खरंच त्या जमातीच्या आहेत का आणि त्यांना हे चालतं का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर रिवाज. नाहीतर ती शिवी.” यात खोट काढायला जागा नव्हती. चांगली, सरळ, न्यायाची गोष्ट होती. म्हणूनच एस्नातला तिची भीती वाटली.

कारण ती न्गोनी नव्हती.

तळघरात चादरींना इस्त्री करायचा रूळ चालू होता. दोन माणसांएवढा लांब, तापलेला, ओल्या चादरी एका बाजूनं गिळणारा आणि दुसऱ्या बाजूला कोरड्या, सपाट काढणारा. एस्नात त्याच्यापुढे उभी राहिली आणि हात आपोआप कामाला लागले. काठ ताणायचा, सरळ करायचा, सोडायचा. सोड्याचा वास, वाफेचा वास, कुठल्यातरी टेबलक्लॉथवरचा न निघालेला बीटचा डाग. शोंगा हे नाव तिच्या बापाचं नव्हतं. शोंगा रेल्वेत रूळ बदलायचा, पूर्वेकडचा न्गोनी माणूस, मऊ स्वभावाचा, आणि तिच्या आईला त्यानं कडेवरच्या पोरीसकट घरात घेतलं. त्याआधी आई किटवेला होती, तांब्याच्या खाणींच्या गावात, आणि तिथे एस्नातचा बाप मुनिसिपालिटीच्या गाडीवर होता. कसली गाडी हे पुढे तिला कुणी सांगितलं नाही. तिला आठवत होतं. संडासाच्या बादल्या उचलायची गाडी. वायव्येकडून आलेल्या लुव्हाले लोकांना खाणीत काम उशिरा मिळालं, बादल्यांचं लगेच मिळालं, आणि एकदा मिळालं ते चिकटलं. गाडी आली की पोरं नाकं धरून ओरडत, बादलीवाले आले, बादलीवाले आले. बाप खाली बघून चालायचा. त्याचं तोंड तिला आठवत नव्हतं. मान आठवत होती, मागून बघितलेली, आणि तिच्यावरची दोन वळ्या पडलेली कातडी. तो मेला की निघून गेला हे आईनं कधीच एकसारखं सांगितलं नाही. लुसाकाला आल्यावर आईनं पहिली गोष्ट केली ती ही, की ती भाषा बंद केली. चुलीपाशीसुद्धा नाही, मारतानासुद्धा नाही. शोंगाकडून न्गोनी बायकांचे वाक्प्रचार शिकली, उंदीर कसे सोलायचे ते शिकली, आणि शेजारणींना पैजेवर करून घातले. अशी ती झाली पूर्वेकडची. लोकांना काय, नाव ऐकलं की पुरतं. लोकांना माणूस ओळखायचा नसतो, कुठल्या खुंटीला टांगायचा तेवढं कळलं की ते मोकळे होतात.

हॉटेलात लागली तो पहिला दिवस तिला हाताच्या रेषांसारखा पाठ होता. नवा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, ओळखीचं कुणी नाही. तळघरात एका उंच माणसानं वाकून पट्टी वाचली आणि आरडाओरडा केला, “अरे देवा! मांजरं बोलवा रे, मांजरं! न्गोनी आली! सोड्याच्या पिंपात दडलेले उंदीर आता सुखानं मरायचे नाहीत!” बाया हसल्या. एस्नातच्या अंगावर काटा आला. किटवेनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला भर माणसांत नावं ठेवत होतं, आणि अंग आधी आकसलं, मान खाली गेली, बापासारखी. मग तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे वाट बघत पाहताहेत. ओरडणारा सगळ्यांत जास्त. तिच्या उत्तराची वाट बघत होते. तिला हक्क होता. शोंगा घरी जे म्हणायचा ते तिनं म्हटलं, “माकडानं मांजर मागवलं म्हणजे घरात खायला काही उरलेलं दिसत नाही.” माणूस टोपी काढून पार वाकला. दुपारी त्यानं आपल्या डब्यातला मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा गोळा मोडून अर्धा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “घे, गुलाम. मालक खातो ते खा.” ती जेवली. त्या दिवशी तिला कळलं की शिवीला उलट शिवी घालता आली की माणूस जेवायला बसू शकतो. किटवेच्या पोरांना उलट काय म्हणायचं होतं? बादलीवाल्याला उत्तरच दिलेलं नव्हतं कुणी. त्याच्या वाटेला फक्त शिवी आली होती, बिनजोडीची.

पुढे आई हॉटेलच्या मागच्या फाटकाशी भुईमुगाच्या कुटातली भाजी विकायला बसायला लागली. लुचेंबेची आणि तिची जोडी काय जमली! “म्हातारे, मेली नाहीस अजून? थडग्यातले उंदीर वाट बघताहेत,” तो ओरडायचा. आई तोंडात तंबाखू धरून सांगायची, “तुझ्या आईला आधी झाडावरून उतरव, मग मी मरते.” घरी कधी न हसणारी ती बाई फाटकाशी बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. एस्नातला तेव्हा वाटायचं, आई खोटं बोलता बोलता खरी झाली. मग आई आजारी पडली आणि शेवटचे दिवस इस्पितळात भलतंच काही बोलत राहिली. नर्स म्हणाली, तापात बरळतेय. बरळत नव्हती. ती भाषा होती. लांब लांब वाक्यं, मध्येच प्रश्न, कुणाला तरी रागवणं, कुणाची तरी विनवणी. एस्नात तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली आणि तिला एक शब्द कळला नाही. पाणी मागत असेल म्हणून पाणी पाजलं. आईनं पाणी तोंडातून बाहेर येऊ दिलं.

चिंगवेरेच्या दफनभूमीत आईच्या बाजूचं म्हणून कुणी नव्हतं. पण लुचेंबे आला, हॉटेलातल्या झाडून साऱ्या बेंबांना घेऊन, आणि चिंबुयात मयताच्या वेळी जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं. आईचं जुनं चितेंगे कमरेला गुंडाळून तो तिच्यासारखा फेंगडा चालला. पेटी उतरवायच्या आधी स्वतः खड्ड्यात जाऊन आडवा झाला आणि म्हणाला, इथे बरं गार आहे, मी नाही उठत, या उंदीरखाऊ बाईला दुसरं बीळ शोधा. लोक रडता रडता हसले. एस्नात हसली, आणि हसताना पोटातून जे बाहेर पडलं ते रडू होतं. तो नसता तर ती मातीचं ढेकूळ होऊन परत आली असती. हे सगळं त्यानं न्गोनी बाईसाठी केलं होतं. परक्या बाईच्या प्रेतासमोर कुणी असं नाचलं तर लोक त्याला दगड मारतील, आणि बरोबरच करतील.

आणि मग ते दुसरं. चादर रुळात तिरकी गेली आणि एस्नातनं ती ओढून पुन्हा घातली. ते दुसरं ती कधी स्वतःशीही पूर्ण आठवत नसे. तळघरातलं गटार तुंबलं होतं आणि बाहेरून एक माणूस आणला होता, काळा रबरी बूट, कोपरापर्यंत घाण. काम झाल्यावर त्यानं हात धुतले, साबणानं, नीट, आणि बॉयलरजवळच्या नळावरचा पेला उचलला. लुचेंबेनं विचारलं, “कुठला रे तू?” माणसानं गाव सांगितलं. “म्हणजे लुव्हाले. ठेव तो पेला. तुम्हां लोकांना बादली पुरते.” यात खेळ नव्हता. आवाज चढलेला नव्हता, टोपी कानावर नव्हती, उत्तराची वाट नव्हती. माणसानं पेला जागच्या जागी ठेवला आणि मान खाली घालून तो जिन्यानं वर गेला. तीच मान. मग लुचेंबे तिच्याकडे वळला, लगेच खेळात परतला, “खरं की नाही ग, उंदीरखाऊ?” आणि एस्नात म्हणाली, “तुझं कधी खोटं असतं का, माकडा?” आणि हसली.  या हॉटेलात शिवी दिली गेली होती ती तेव्हा. तेव्हा दालन नव्हतं, पेन नव्हतं, जोहान्सबर्गची बाई नव्हती. आणि आता त्याच लुव्हाले लोकांचे मुखवटेवाले शुक्रवारी बागेत नाचणार होते, पाहुण्यांना ते फार आवडतात.

खरं सांगितलं तर म्हातारा आज संध्याकाळी रस्त्यावर. निवृत्तीच्या तोंडावर, नातवंडं पदरात, आणि वरून नाव की याची जीभ घाण. खोटं सांगितलं तर सगळं पूर्वीसारखं, म्हणजे ती मरेपर्यंत शोंगाच्या शिव्या वापरणार आणि आईचं थडगं दुसऱ्याच्या जमातीत पडून राहणार. तिला राग आला. लुचेंबेचा नाही, दिनेओचाही नाही. एका बाईला दुखलं की नाही हे तिचा बाप कोण होता यावर ठरतं, या गोष्टीचा. अंगठा कापला तर आधी वंशावळ सांगायची आणि मग रक्त पुसायचं.

दिनेओच्या खोलीत लुचेंबे आधीच बसलेला होता, पाय पसरून. “विचारा, मॅडम, विचारा,” तो म्हणाला. “दातात शेपूट अडकलं नसेल तर बोलेल ती.” हांतुबा दबक्या आवाजात म्हणाला, “बा लुचेंबे, आता तरी गप्प बसा.” दिनेओ रागावली नाही. जवळून ती थकलेली दिसत होती. बुटांतून टाचा काढून बसली होती. ती म्हणाली, “तुम्हांला वाटत असेल, ही बाई बाहेरून येऊन आमचं हसणं बंद करते. आमच्या वस्तीत एका रात्री माणसं हातात काठ्या घेऊन फिरली. बाहेरचे कोण आणि आपले कोण हे त्यांना निवडायचं होतं. माझ्या शेजाऱ्याला त्यांनी काही शब्द म्हणायला लावले. त्याचा उच्चार चुकला. त्याच्या आधी किती तरी वर्षं आम्ही त्याच्या उच्चाराला हसत होतो. प्रेमानं. तोही हसायचा. त्या रात्रीनंतर मला कुणाच्या हसण्याची खात्री वाटत नाही. स्वतःच्यासुद्धा.” लुचेंबेनं पाय जवळ घेतले.  एस्नातला वाटलं, हिला आमचं काही कळत नाही आणि हिचं सगळं बरोबर आहे.

“तुम्ही न्गोनी आहात?” दिनेओनं विचारलं.

“हो.”

हांतुबानं श्वास सोडला आणि उठायला लागला. दिनेओ हलली नाही. “आणि यांच्या बोलण्यानं तुम्हांला कधी लागलं?”

हे हांतुबानं सांगितलेलं नव्हतं. एस्नात लुचेंबेकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघून भुवया उडवत होता, आता काहीतरी ठेवून देईल या आशेनं. “या शब्दानं कधी नाही,” ती म्हणाली.

“दुसऱ्या कुठल्या?”

“दुसरा मला बोलला नाही तो.”

दिनेओ तिच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी दिसलं होतं हे एस्नातला कळलं, आणि दिनेओलाही कळलं की हिला कळलं. पण विचारून काढून घेता येईल असं ते नव्हतं. “ठीक आहे,” दिनेओ म्हणाली. “मग रिवाज.” हांतुबानं हात चोळले. “बघा, मॅडम, मी म्हणालोच होतो. आणि आंटी, शुक्रवारी पूर्वेच्या कोपऱ्यात तुम्हीच उभ्या राहायचं बरं का. कातड्याचा पोशाख मी मागवतो.”

लुचेंबे मागच्या जिन्यानं शीळ घालत उतरला. ती आधी पोचली होती आणि रुळापुढे उभी होती. “वाचवलंस ग, गुलाम,” तो म्हणाला. “तुझ्या बापजाद्यांना आम्ही पळवून पळवून मारलं, पण एक चूक केली, तुझा आजा सोडला. बरं झालं सोडला. आज कामाला आली त्याची नात.”

“माझा आजा तिथे नव्हता,” एस्नात म्हणाली.

“पळालाच असणार सगळ्यांत आधी.”

“नव्हताच तिथे. लुचेंबे, ऐक. शोंगानं मला नाव दिलं, रक्त नाही. माझा बाप लुव्हाले. आईही लुव्हाले. बाप किटवेत बादल्या उचलायचा.”

तो हसला. मग हसू ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. बॉयलरच्या नळ्यांमधून वाफ फुसफुसत होती. त्यानं टोपी काढली. “खेळतेयस,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग वर खोटं बोललीस.”

“हो. नाहीतर तू आज कायमचा घरी गेला असतास.”

लुचेंबेनं दोन्ही हात एकमेकांत घेतले, गुडघे किंचित वाकवले आणि हलक्या टाळ्या वाजवल्या, थोरामोठ्यांची माफी मागतात तशा. “माफ करा, बा शोंगा,” तो म्हणाला. “मला ठाऊक नव्हतं. माझ्या जिभेनं तुमचा अपमान केला.” तुम्ही म्हणाला, वर मानाचं बा म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तो मान तिच्या अंगावर गार पाण्यासारखा पडला. उद्यापासून तो जिन्यावर बाजूला सरून तिला वाट देणार, तब्येत विचारणार, डबा एकटा खाणार. मान देऊन माणसाला किती लांब उभं करता येतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचा बाप गेल्यावर लोक चांगलं बोलले होते, लांबून.

“माफी नको,” ती म्हणाली. “शिवी दे.”

“कशी देऊ? तुमची आमची लढाईच झाली नाही कधी. लढाई नाही, तर तह नाही. तह नाही, तर चेष्टा नाही. असं कसं कुणालाही—”

“मग आता होऊ दे लढाई,” एस्नात म्हणाली, आणि हातातली ओली चादर तिनं त्याच्या तोंडावर फेकली. “तो गटारवाला आठवतो? त्यानं पेला उचलला होता. साबणानं हात धुऊन उचलला होता. तू त्याला काय म्हणालास? बोल ना! माझ्या तोंडावर बोल! मी पितेय त्याच पेल्यानं, रोज पितेय, माझ्या आईनं तुला भाजी वाढली ती त्याच हातांनी वाढली. तेव्हा कुठे गेला होता तुझा रिवाज? तेव्हा कुठला तह?”

चादर त्याच्या खांद्यावर लोंबत होती. त्यानं ती काढली नाही.  मग म्हणाला, “तेव्हा मी चेष्टा करत नव्हतो.”

“ठाऊक आहे मला.”

“मला तसंच वाटत होतं. त्या लोकांबद्दल. लहानपणापासून. कुणी सांगितलं नाही, असंच वाटतं.” त्यानं तोंड पुसलं. “आत्ता काय वाटतं ते मला विचारू नकोस. मलाच कळलं की सांगतो.” तो पुन्हा तू म्हणाला हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं, हळूहळू, पायांकडून चढल्यासारखं. “तुझी आई,” तो म्हणाला. “मी तिचं चितेंगे नेसलो. तिच्या खड्ड्यात झोपलो. परक्या बाईच्या खड्ड्यात. देवा! तुमच्यात काय करतात, एस्नात? कोणी मेलं की तुमच्यात काय करतात?”

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “मला कुणी शिकवलं नाही.”

लुचेंबे मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसला. “मला त्या दिवशी रडायचं होतं,” तो म्हणाला. “तुला काय वाटतं, मी मजेत नाचलो? फाटकाशी बसायची ती. माझी बायको गेली तेव्हा रोज वाडगाभर भाजी ठेवायची, शिवी देऊन. पण चिंबुयातल्या माणसानं रडायचं नसतं. बाकीच्यांना रडू यावं म्हणून तो हसवतो, त्याला स्वतःला रडायला बंदी. घरी जाऊनसुद्धा रडलो नाही मी.” तो थांबला, आणि हिशेब लावल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. “म्हणजे मला बंदी नव्हती,” तो म्हणाला. “म्हणजे मला रडता आलं असतं.”

आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तो रडायला लागला. डोळे पुसत, नाक ओढत, शहरात रडतात तसा नाही. अंगणात प्रेत ठेवलेलं असताना रडतात तसा, पुढे मागे झुलत, भसाड्या आवाजात, “मायो! मायो! कुठे निघालीस, मायो! आम्हांला कोणाच्या दारात टाकून निघालीस!” तळघराच्या भिंतींवर तो आवाज आपटला. पलीकडच्या धुण्याच्या खोलीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि एकीनं, काय झालंय हे न विचारताच, डोक्यावरचा फडका सोडला आणि जमिनीवर बसकण मारली. एस्नात उभीच होती. रुळाच्या तोंडाशी एक चादर अर्धी आत, अर्धी बाहेर होती.

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. हांतुबा धावत खाली आला, टाय खांद्यावर गेलेला, आणि त्यानं पाहिलं, दारात बाया, गठ्ठ्यावर हा म्हातारा, मध्ये उभी ती. त्याचा आवाज आपोआप खाली आला, मयताच्या घरी येतो तसा.

“कोण गेलं, आंटी?”

“माझी आई,” एस्नात म्हणाली, आणि तिनं रूळ बंद केला.